पक्षिराजनचा राग आणि चिमणीचा हिशेब

‘चिमण्या कमी का झाल्या?’ असा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारून पाहा. ‘मोबाइल टॉवरमुळे’ हे उत्तर पहिल्या दोन मिनिटांत येईल. ते इतक्या खात्रीने येईल की विचारणाराच क्षणभर गप्प होईल. दरवर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. २०१० साली सुरू झालेल्या या दिवसाच्या मुळाशी नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पण त्या दिवशी शाळेच्या भिंतीवर लागणाऱ्या चित्रांत एक चित्र हटकून असते. लाल-पांढरा मनोरा, त्यातून निघणाऱ्या गोल गोल लहरी आणि खाली पाय वर करून पडलेली चिमणी.

हे उत्तर मुलांपर्यंत अनेक वाटांनी पोचले आहे. त्यांतली सर्वांत रुंद वाट म्हणजे दिग्दर्शक शंकर यांचा ‘२.०’ हा चित्रपट. २०१० सालच्या ‘रोबोट’चा हा पुढचा भाग २९ नोव्हेंबर २०१८ रोजी तमिळ, हिंदी आणि तेलुगू भाषांत प्रदर्शित झाला. रजनीकांत, अक्षयकुमार, ए. आर. रहमान यांचे संगीत आणि डोळे दिपवणारी त्रिमिती दृश्ये असा सगळा थाट त्यात आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने अशा चित्रपटाकडे ‘करमणूक’ म्हणून दुर्लक्ष करावे असे पुष्कळांना वाटेल. मला तसे वाटत नाही. आपल्या तासाला मुले पस्तीस मिनिटे बसतात, चित्रपटासमोर अडीच तास बसतात आणि तेही डोळे न मिटता. तेव्हा त्या अडीच तासांत त्यांना काय शिकवले गेले याची उलटतपासणी करणे हे आपलेच काम आहे.

कथा आणि तिची बलस्थाने

पक्षिराजन हा वृद्ध पक्षितज्ज्ञ मोबाइलच्या मनोऱ्यावर गळफास घेतो. काही दिवसांनी चेन्नई शहरातले मोबाइल फोन लोकांच्या हातांतून सुटून आकाशात उडू लागतात. मोबाइलचा घाऊक व्यापारी, दूरसंचार कंपनीचा मालक आणि मंत्री यांचे एकामागून एक बळी जातात. लाखो फोन एकत्र येऊन एक महाकाय पक्षी तयार होतो. डॉ. वसीगरन आणि त्यांचा यंत्रमानव चिट्टी त्याच्याशी लढतात. मध्यंतरानंतर आपल्याला कळते की मोबाइलच्या लहरींनी आपले पक्षी मरत आहेत असे पक्षिराजनला वाटत होते. त्याने सगळीकडे दाद मागितली, पण कोणी ऐकले नाही.

चित्रपटाचे श्रेय आधी देऊ. फोन हातातून उडून गेल्यावर कासावीस झालेली माणसे ही कल्पना नेमकी आहे. आपण या वस्तूला किती बांधले गेलो आहोत हे ती एका दृश्यात सांगते. दुसरे असे, की ज्यांना मत नाही, आवाज नाही, अशा पाखरांच्या बाजूने एवढ्या खर्चाचा चित्रपट उभा राहतो, ही गोष्ट आपल्याकडे रोज घडत नाही. खलनायकाची बाजू प्रेक्षकाला पटावी इतक्या कळकळीने ती मांडली आहे. अडचण नेमकी इथेच सुरू होते. चित्रपट पक्षिराजनचा सूड चुकीचा ठरवतो, पण त्याचे निदान मात्र बरोबर धरतो. शेवटी स्वतः शास्त्रज्ञ वसीगरनच त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतात आणि हे सारे आवरायला हवे असे सांगतात. निदानाला पुरावा कोणता, हा प्रश्न अडीच तासांत एकदाही गंभीरपणे विचारला जात नाही. पक्षिराजनचा राग हाच त्याचा पुरावा ठरतो.

एका शब्दाचा घोटाळा

या विषयात मराठीने स्वतःची एक अडचण करून ठेवली आहे. वर्तमानपत्रांत मोबाइलच्या लहरींना सर्रास ‘किरणोत्सर्ग’ म्हटले जाते. हा शब्द आपण रेडियम आणि युरेनियमसाठी घडवला. तो ऐकताच हिरोशिमा आठवते. इंग्रजी ‘रेडिएशन’ हा फार ढिला शब्द आहे. चुलीची ऊब, उन्हाचा प्रकाश, आकाशवाणीच्या लहरी, क्ष-किरण हे सारे त्यात बसते. त्यासाठी मराठीत ‘प्रारण’ हा शब्द आहे. मोबाइलमधून प्रारण निघते, किरणोत्सर्ग निघत नाही. एवढा एक शब्द वर्गात नीट वापरला तरी निम्मे काम होते.

आता थोडा हिशेब करू. विद्युतचुंबकीय लहरींची ऊर्जा पुड्यांनी येते. त्या पुडीला आपण फोटॉन म्हणतो. पुडी केवढी, हे वारंवारतेवर ठरते. ९०० मेगाहर्ट्‌झच्या मोबाइल लहरीचा एक फोटॉन सुमारे ३.७ दशलक्षांश इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. हिरव्या प्रकाशाचा फोटॉन साधारण २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे त्याच्या सहा लाख पट मोठा. पेशीतील रेणूंचे बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. क्ष-किरणांच्या एका फोटॉनपाशी ते हजारोंनी असतात. मोबाइलच्या फोटॉनपाशी त्याचा कणही नसतो. मग असे फोटॉन संख्येने पुष्कळ असले तर? उंच झाडावरच्या कैरीला एक दगड बसला तर ती पडते. शंभर मुलांनी दिवसभर वाळूचे कण भिरकावले तर पडत नाही. संख्या पुष्कळ झाल्याने जे होते ते एवढेच, की पदार्थ थोडा गरम होतो. मायक्रोवेव्ह शेगडीत अन्न शिजते ते याच तत्त्वाने, पण तिथे बंद पेटीत शेकडो वॅट कोंडलेले असतात. सुरक्षेच्या मर्यादा आखल्या जातात त्याही प्रामुख्याने या तापण्यावरूनच.

चित्रपटाला हा फरक सांगण्यात रस नाही. त्याऐवजी तो ‘ऑरा’ म्हणजे शरीराभोवतीचे तेजोवलय पुढे आणतो. पक्षिराजनचे आणि मेलेल्या पक्ष्यांचे वलय एकत्र येते, ते ऋण असते, मग त्याला धन उपचार करून शमवायचे. कल्पनेला सूट असते, हे मान्य. ‘रोबोट’मधल्या चिट्टीला आपण हरकत घेतली नव्हती. पण एकाच तोंडाने, त्याच प्रयोगशाळेतल्या पडद्यांसमोर, तेजोवलयाची गोष्ट आणि टॉवरची गोष्ट सांगितली, की मुलाने कल्पना कोणती आणि दावा कोणता हे ओळखायचे कसे? भुतावर विश्वास ठेवू नका, पण त्या भुताचे भौतिकशास्त्र मात्र खरे माना, असा हा प्रकार आहे.

चिमणीची जबानी

आता मूळ आरोपाकडे येऊ. कारण हे परिणामाच्या आधी यावे लागते, हा तर्काचा पहिला नियम. ब्रिटनमध्ये घरचिमण्यांची मोजणी अनेक दशके चालू आहे. तिथली घसरण १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्या देशात मोबाइल सेवा आली १९८५ साली. आरोपी घटनास्थळी पोचण्याच्या आधीच गुन्हा सुरू झाला होता. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर देशभर मनोरे उभे राहिले, खेड्यापाड्यांतही राहिले. टॉवर हेच कारण असते तर चिमणी देशभर सारखी घटायला हवी होती. २०२० साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल आला. सुमारे १५,५०० पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या एक कोटीहून अधिक नोंदींवर तो आधारलेला होता. त्यात दिसले ते असे, की पंचवीसहून अधिक वर्षांत देशपातळीवर घरचिमणी साधारण स्थिर आहे, मात्र मुंबईसारख्या सहा महानगरांत ती कमी होत गेली आहे. टॉवरकडे बोट दाखवण्याजोगा पुरावा मिळत नाही, हेही त्या निमित्ताने सांगितले गेले.

महानगरात असे काय बदलले? मी राहतो त्या बेलपाड्याचेच उदाहरण घेऊ. पनवेल, उरण आणि ठाणे तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली. त्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. बेलपाडा आज खारघरच्या सेक्टरांनी वेढलेले आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोचे एक स्थानकही त्याच्या नावाचे आहे. या पट्ट्यातले जुने घर चिमणीच्या नजरेने पाहा. कौलांखाली फट, आढ्याला भोके, भिंतीवरच्या तसबिरीमागे वीतभर जागा. अंगणात सुपाने पाखडलेले तांदूळ, दारापुढे भाताचे खळे, परसात भाजीचे वाफे आणि त्यांवरच्या अळ्या. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिलांना पहिले काही दिवस किडे-अळ्याच लागतात, हे विसरून चालणार नाही. आता स्लॅब आला, काच आली, फरशी आली. धान्य निवडून-पाखडून पिशवीतून येऊ लागले. बागेत अळी दिसली की फवारणी होते. घरटे नाही, पिलांचे अन्न नाही. टॉवरही याच काळात उभे राहिले, म्हणून दोन्ही गोष्टी आपल्याला एकत्र दिसतात. जे बरोबर आले ते कारण झाले, हा घोटाळा आपण एरवी शकुन-अपशकुनात पाहतो.

निवारा आणि अन्न या कारणांवर चित्रपट रेंगाळत नाही. ती सांगितली तर खलनायक कोणाला करणार? कौले काढणारे आपणच, फवारणारे आपणच. टॉवर सोयीचा आहे. तो परक्या कंपनीचा असतो आणि उंच असल्यामुळे बोट दाखवायलाही सोपा.

जे खरे होते ते हुकले

गंमत अशी, की विद्युतचुंबकीय गोंगाटाचा पक्ष्यांवर परिणाम होतो, असे चांगल्या प्रयोगाने दाखवले गेलेले आहे. जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथील संशोधकांना आढळले, की विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोपट्यांत ठेवलेल्या युरोपीय रॉबिन पक्ष्यांना चुंबकीय दिशा ओळखता येत नव्हती. खोपट्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीला जोडले, की ओळखता येऊ लागली. हे काम २०१४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्रास देणारी वारंवारता ५० किलोहर्ट्‌झ ते ५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातली निघाली. म्हणजे मध्यम लहरींच्या रेडिओची आणि विजेच्या उपकरणांची. मोबाइलची वारंवारता त्याच्या शेकडो पटींनी वर आहे. पक्ष्याला दिशा सापडत नाही, हा मुद्दा पक्षिराजनही मांडतो. हा प्रयोग त्याच्या प्रयोगशाळेत दाखवता आला असता आणि तो बघायलाही रंजक झाला असता. शंका कशी तपासतात, पत्रे लावून आणि काढून कसे पाहतात, हे कोट्यवधी मुलांनी पाहिले असते.

मोबाइल लहरींचा निश्चित त्रास होणारा एक रहिवासी तर महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यातील खोडदजवळ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. जवळचा मोबाइल तिच्या कानाशी ढोल वाजवावा तसा ठरतो. तिथे फोनवर बंधने आहेत, ती अंधश्रद्धा नव्हे. कोणत्या लहरी, किती तीव्र आणि कोणासाठी, हे तीन प्रश्न विचारले की खोडदची दुर्बीण आणि बेलपाड्याची चिमणी यांची उत्तरे वेगवेगळी येतात. चित्रपट हे तीनही प्रश्न गाळतो.

पडद्यावरचा आणि खरा पक्षितज्ज्ञ

पक्षिराजनची पांढरी दाढी आणि चष्मा पाहून सलीम अलींची आठवण व्हावी, अशी योजना आहे. म्हणूनच ही तुलना करणे भाग आहे. सलीम अली (१८९६–१९८७) यांचा पक्ष्यांशी संबंध जुळला तो लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका पीतकंठी चिमणीमुळे. ती कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढे मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी राहिली नाही. तेव्हा ते आपल्याच रायगड जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. १९३०च्या पावसाळ्यात त्यांनी तिथे सुगरणीच्या वसाहतीसमोर तासन्‌तास बसून नोंदी केल्या. नर अर्धी घरटी बांधतो, माद्या येऊन ती पारखतात, एखादी पसंत करते, मग नर ते घरटे पुरे करून दुसरे बांधायला घेतो. ही माहिती कोणाच्या अंतःप्रेरणेने आली नाही, वहीत टिपून आली.

त्यांच्या नावाशी जोडलेली दुसरी गोष्ट अधिक बोधक आहे. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत गुरे चरतात, त्यामुळे पक्ष्यांचे नुकसान होते, असे पक्षितज्ज्ञांना वाटत होते. सलीम अलींचाही बंदीला पाठिंबा होता. १९८२ साली चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच केलेल्या दीर्घ अभ्यासात दिसले, की म्हशी चरायच्या थांबल्यावर गवत माजले, पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांची गैरसोय झाली. म्हणजे ज्यांनी बंदी मागितली त्यांच्याच संस्थेने ती समजूत खोडून काढली. विज्ञानाचे मोठेपण इथे आहे. पक्ष्यांवरच्या प्रेमाने निदान बरोबर येते असे नाही, आणि चुकीच्या निदानाची किंमत कोणी तरी गरीब माणूस मोजतो. पक्षिराजनच्या हाती मात्र कुठेही अशी वही दिसत नाही, जिच्यातली एखादी नोंद त्याच्याच मताविरुद्ध जाईल.

वर बघावे की खाली?

चित्रपट पाहून उठलेला प्रेक्षक चिमणीवरून लगेच स्वतःवर येतो. ‘पक्षी मरतात, मग आपल्याला कर्करोग होणारच.’ खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ आहे. उपचारांसाठी दुरून आलेली कुटुंबे इथे रोज दिसतात. त्यामुळे हा विषय आमच्याकडे गप्पांचा नाही, भीतीचा आहे. म्हणून तो जपून बोलला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात टाकले. अर्थ असा, की कर्करोगाशी संबंध शक्य आहे, पण पुरावा तोकडा आहे. आशियातील काही पारंपरिक खारवलेल्या भाज्याही याच गटात आहेत. २०१८ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात दोन वर्षे, रोज नऊ तास, सर्वांगावर तीव्र लहरी सोडलेल्या नर उंदरांत हृदयाच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. तेच उंदीर लहरी न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले, हेही त्याच प्रयोगात दिसले. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा आला. त्यात ६३ अभ्यास तपासून मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. ‘शंभर टक्के निर्धोक’ असे प्रमाणपत्र विज्ञान कशालाच देत नाही. पण पुराव्याचे वजन कोणत्या पारड्यात आहे, हे यावरून कळते.

टॉवरचा हिशेब वर्गात फळ्यावर करता येतो. अँटेनाला २० वॅट दिले आणि तिने तो झोत एका दिशेला एकवटला, की झोताच्या मध्यावर त्याचा परिणाम साधारण १००० वॅटच्या स्रोताएवढा होतो. ५० मीटरवर ही शक्ती गोलाच्या पृष्ठभागावर पसरते. १००० भागिले ४π गुणिले ५०चा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ०.०३ वॅट. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या एक दशांश केली. ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ती ०.४५ वॅट ठरली. म्हणजे आपण तिच्या बरेच खाली आहोत. टॉवरच्या थेट पायथ्याशी तर आणखी कमी, कारण झोत आडवा जातो. दिव्याखाली अंधार तो असा. मात्र हेच गणित १० मीटरसाठी करा. उत्तर ०.८ येते. अरुंद गल्लीत समोरच्या गच्चीवरची अँटेना आपल्या खिडकीच्या उंचीवर आणि खिडकीकडे तोंड करून असेल, तर तक्रार रास्त आहे. एका मनोऱ्यावर अनेक अँटेना असतील तर त्यांची बेरीजही करायला हवी. २०१७ साली दूरसंचार विभागाने ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केले, ते अशी माहिती पाहण्यासाठी आणि शुल्क भरून मोजणी मागण्यासाठी. भीतीपेक्षा मोजणी मागणारा नागरिक कंपनीला जास्त जड जातो.

‘सगळे टॉवर हटवा’ या मागणीचे मात्र उलटेच होते. टॉवर दूर गेला की आपला फोन ओरडून बोलू लागतो. जवळ असला की कुजबुजतो. आणि फोन तर कानाला चिकटलेला असतो. ज्याला लहरी कमी हव्यात त्याने लिफ्टमध्ये किंवा रेंज नसलेल्या जागी लांबण लावू नये, तारेचा इअरफोन वापरावा, हा साधा उपाय आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबले, की डोक्यात किती ऊर्जा शोषली जाऊ शकते त्याचा आकडा दिसतो. भारतातली ठरलेली मर्यादा किलोला १.६ वॅट. मुलांना हा आकडा काढायला फार आवडते.

आणि आता त्याच टॉवरच्या पायथ्याकडे बघा. वीज गेल्यावर चालणारे डिझेलचे जनित्र पुष्कळ ठिकाणी तिथे असते. २०१२ साली त्याच कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर पहिल्या गटात घातला. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध झालेले. तंबाखू, सुपारी, शहराची दूषित हवा हे सारे पहिल्या गटात आहे. टॉवरविरुद्ध अर्जावर सही करणारा हात खिशातून तंबाखूची पुडी काढतो, तेव्हा ‘२ब’ वर आहे आणि पहिला गट तळहातावर. जनित्राच्या धुराविरुद्ध अर्ज केला तर तो अधिक न्याय्य होईल आणि बहुधा लवकर मान्यही होईल.

भीतीची किंमत

चित्रपटाने एवढे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. माझ्या ओळखीच्या एका मुलीला दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या पदविकेला जायचे होते. घरून विरोध झाला, ‘त्या रेडिएशनच्या लायनीत मुलगी नको’ म्हणून. त्या व्यवसायातले खरे धोके कोणी तिला सांगितले नाहीत. उंचावर चढणाऱ्याचे पडणे, विजेचा धक्का, अँटेना चालू असताना तिच्या अगदी पुढ्यात काम करणे. या तिन्हींसाठी नियम, पट्टे आणि बंद करायची कळ आहे. बाकीच्यांना दिवसभर पडद्यासमोर बसून डोळे, मान आणि मनगट सांभाळावे लागते, आणि आपल्या सर्वांनाच रात्रीची झोप. फोनने खरे काही नेले असेल तर ती झोप नेली आहे. खोट्या धोक्याची चर्चा चालू असली, की खऱ्या धोक्याला रांगेत नंबरच लागत नाही.

प्रदर्शनाच्या आधी मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने हा चित्रपट विज्ञानविरोधी आहे म्हणून सेन्सॉर मंडळाकडे तक्रार केली होती. मला ती वाट पटत नाही. एक तर बंदीने संशय वाढतो. दुसरे म्हणजे पक्षिराजन खोटा ठरतो तो कंपनी तसे म्हणते म्हणून नव्हे. पुरावा तपासताना तो कोणाच्या सोयीचा आहे हे लक्षात ठेवावे, पण निकाल त्यावरून लावू नये. चित्रपटाला उत्तर चित्रपट पाहूनच द्यावे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती अशी. पक्षिराजनच्या पूर्वकथेचा भाग वर्गात जरूर दाखवा. मग फळ्यावर चार घरांचा तक्ता काढा. टॉवरजवळची जुनी कौलारू वस्ती, टॉवरजवळची काचेची इमारत, टॉवरपासून दूरची कौलारू वस्ती, दूरची काचेची इमारत. मुलांच्या चार तुकड्या करा. आठवडाभर, सकाळी एकाच वेळी, प्रत्येक जागी पंधरा मिनिटे चिमण्या मोजू द्या. टॉवर दोषी असेल तर पहिल्या दोन घरांत आकडे पडलेले दिसतील. घरटे आणि अन्न हे कारण असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या घरांत. एका वर्गाच्या एका आठवड्याने जगाचा निकाल लागत नाही, हेही मुलांना सांगा. पण आकडे हाती येण्यापूर्वी प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहून खाली सही करायला लावा. अंदाज चुकला तर तो खोडायचा नाही, शेजारी मोजलेला आकडा लिहायचा. पक्षिराजनला कोणी हे करायला लावले असते, तर तो चेन्नईवर चालून येण्याऐवजी कदाचित कौलांच्या फटी मोजत बसला असता.